सकाळचे दोन हात

भिंगरीचं कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण ते फक्त बँकेला आणि दवाखान्याला ठाऊक. आईनं लहानपणी वैतागून ठेवलेलं हे नाव लग्नानंतर तिच्याबरोबर सासरी आलं आणि सलूनमध्येही पोचलं. ते तिला शोभायचंच. जेवताना ती दहा वेळा उठायची. टीव्हीवरच्या बातम्या उभ्यानं बघायची. फोनवर बोलता बोलता अख्ख्या घराला प्रदक्षिणा घालायची. केस कापायचं काम तिला मानवलं ते त्याचमुळे. दिवसभर खुर्चीभोवती फिरत राहायचं, हाताला काम आणि तोंडालाही काम.

पण एका सकाळी तिचा उजवा हात वर गेलाच नाही. समोर एक शिक्षिका बसली होती, नेहमीची, मान खाली घालून. भिंगरीनं कात्री उचलली, खांद्यात कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली आणि कात्रीचं टोक बाईंच्या कानाच्या पाळीला लागलं. रक्त थेंबभरच आलं. शिक्षिका चांगली होती, "असू दे गं" म्हणाली. मालकीण मात्र काही म्हणाली नाही, आणि तिचं काही न म्हणणं हेच वाईट असतं. संध्याकाळी तिनं भिंगरीला बाजूला घेतलं.

"खांदा बरा होईपर्यंत काउंटरवर बस. फोन घे, वेळा दे."

"बसू?"

"हो, बस. लोक बसतात."

खांदा आखडलाय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिला फिजिओकडे धाडलं. ही फिजिओ इतकी शांत होती की तिच्यासमोर भिंगरीला उगाचच अपराधी वाटायचं. तिनं काही आसनं करून दाखवली. ताडासन, मांजरासारखी पाठ वरखाली करायची ते, एका पायावर झाडासारखं उभं राहायचं ते, पालथं पडून छाती उचलायची ते, आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम. "गोळ्यांनी दुखणं कमी होईल," ती म्हणाली, "हात वर जायला हवा असेल तर हे रोज. कंटाळा आला तरी रोज."

कंटाळा येणार हे त्या बाईला कसं कळलं, याचा विचार करत भिंगरी घरी आली.

पहिले काही दिवस बरे गेले. नव्याची नवलाई कुणाला नसते. तिनं चटई आणली, जांभळ्या रंगाची, आणि सगळ्यांना दाखवली. मग चटई कपाटामागे गेली. त्याचं झालं असं, की ताडासनात उभं राहून डोळे मिटले की तिला गॅसवरचं दूध दिसायचं. दूध गॅसवर नसलं तरी दिसायचं. श्वास आत घेताना आठवायचं की वॉशिंग मशीनमधले कपडे तसेच आहेत. बाहेर सोडताना आठवायचं की काल कुणाला तरी फोन करते म्हणाले होते. दोन श्वासांत ती चटईवरून उतरलेली असायची. मग तिनं धाकट्या बहिणीला गळ घातली, की आपण दोघी आपापल्या घरी करायचं आणि एकमेकींना कळवायचं. दोघींनी रोज "झालं" म्हणून कळवायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत आसनं बंद पडली आणि थापा मात्र नेमानं चालू राहिल्या.

खांदा होता तसाच राहिला. काउंटरवर बसून तिचे पाय टेबलाखाली नाचत राहायचे. दुसऱ्या मुली तिच्या खुर्चीवर तिची गिऱ्हाइकं घ्यायच्या आणि तिचा जीव वरखाली व्हायचा.

त्याच सुमारास सासरे घरी राहायला आले.

सासरे रंगारी. घरातल्या खोल्या रंगवणारे नव्हेत, उंच इमारतींचे. जन्म परांचीवर आणि फळीवर गेलेला. सासूबाई गेल्यावर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहत होते, आणि "मला कुणाची गरज नाही" हे वाक्य न विचारता सगळ्यांना ऐकवत होते. मग अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी परत आला, बोलणं तर दुपटीनं परत आलं, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. भिंगरीचा नवरा ॲम्ब्युलन्स चालवायचा. त्यानंच वडिलांना हॉस्पिटलमधून आणलं आणि पुढच्या खोलीत त्यांचा पलंग लावला.

हॉस्पिटलमध्ये त्यांना व्यायाम शिकवला होता. डाव्या हातानं उजव्याची बोटं गुंफायची आणि दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. भिंतीशी बसून बोटं वर चालवायची. श्वास घेत, सावकाश, रोज. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "हे बायकी चाळे मला जमणार नाहीत."

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय," नवरा म्हणाला.

"डॉक्टरला सांग, ये आणि तूच कर."

नवऱ्याच्या पाळ्या वेड्यावाकड्या. जाताना तो भिंगरीला म्हणाला, "तू बघ ना जरा. तुझं ऐकतील."

तो कुठल्या आधारावर असं म्हणाला, देव जाणे. भिंगरीचं कुणीच ऐकत नव्हतं, तिचा खांदासुद्धा. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासऱ्यांसमोर उभी राहिली. नीट सांगून झालं, लाडीगोडी झाली, धाक झाला. सासरे खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी तिचा आवाज चढला.

"स्वतःसाठी करायचंय ना? रोज थोडं केलं तर काय बिघडतं?"

तेव्हा सासऱ्यांनी मान वळवली. "तुझी ती जांभळी चटई कुठाय?"

भिंगरीनं उगाचच त्यांच्या पलंगाची चादर ओढून सरळ केली.

"कपाटामागे. काल मी काठी शोधत होतो तेव्हा दिसली. वर बोटभर धूळ. आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला. आधी स्वतः कर, मग मला शिकव."

तिला इतका राग आला की कान तापले. ती तरातरा गेली, चटई ओढून काढली, दारातच झटकली आणि त्यांच्या पलंगासमोर अंथरली. "ठीक आहे. मी करते. मी जितका वेळ करेन तितका वेळ तुम्ही करायचं. मी थांबले तर तुम्ही जिंकलात."

"आणि मी थांबलो तर?"

"तर मी सगळ्यांना सांगेन की रंगारी माणूस सुनेला घाबरला."

सासऱ्यांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवरून उचलला. बोटं गुंफली. "चल," म्हणाले.

त्या दिवशी दोघंही दातओठ खाऊन टिकले. भिंगरीच्या डोळ्यांपुढे दूध आलंच, पण समोर हे गृहस्थ भुवया चढवून बसलेले, त्यामुळे दुधाला तिनं उतू जाऊ दिलं. सासऱ्यांचे हात हनुवटीपर्यंत आले आणि थरथरायला लागले. कपाळावर घाम. "बस का?" तिनं विचारलं. "तू बस कर," ते म्हणाले.

आणि मग हे रोजचंच झालं. त्याला कुणी योगसाधना म्हटलं असतं तर दोघांनाही हसू आलं असतं. ते भांडण होतं, फक्त श्वासावर चाललेलं. सासरे खुर्चीतून तिला टोचायचे. "मांजर म्हणालीस ना? मग पाठ मांजरासारखी कर, उंटासारखी काय करतेस?" "श्वास घेतेस की सुस्कारे टाकतेस?" भिंगरीही सोडायची नाही. "हात वर म्हणजे छताकडे, बाबा. दाराकडे नाही." भिंतीवर बोटं चालवायच्या वेळी दोघं शेजारी शेजारी. ती उभी, ते स्टुलावर. सासरे भिंतीला नाक लावून म्हणायचे, "हा रंग कुणी दिला? दिलाय की पुसलाय?"

"तुमच्या मुलानं."

"वाटलंच. ॲम्ब्युलन्सही अशीच चालवतो का?"

तिचा आळस मेला नव्हता. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच यायचा, की आज नको. पाऊल स्वयंपाकघराकडे वळायचं, हातांना काही ना काही सापडायचं, ओटा पुसायचा, बरणी भरायची. तेवढ्यात पुढच्या खोलीतून स्टूल सरकवल्याचा आवाज यायचा. मुद्दाम, जोरात, फरशीवर कर्रर्र. ते स्वतःहून भिंतीशी जाऊन बसायचे आणि तिला हाक मारायचे नाहीत. तिला तोच आवाज सहन व्हायचा नाही. हातातलं फडकं टाकून ती जायची.

हळूहळू तिचा खांदा सैल व्हायला लागला. आधी मागून कपड्याचा हूक लागला, मग वरच्या फळीवरचा डबा निघाला. सलूनमध्ये तिनं मालकिणीला न विचारता एका मुलाचे केस कापले. मालकिणीनं लांबून बघितलं आणि काही म्हणाली नाही. यावेळचं न म्हणणं चांगलं होतं. मग तिला सकाळची गिऱ्हाइकं मिळायला लागली. ती घरी येऊन सासऱ्यांना नाचत सांगायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "कान शाबूत आहेत ना सगळ्यांचे?" पण त्या दिवशी त्यांनी चहा स्वतः मागून तिच्याबरोबर घेतला.

असे महिने गेले. नंतर एका दुपारी नवरा पाळी संपवून आला, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात जेवायला बसला. भिंगरी उभ्यानंच जेवत होती. ती म्हणाली, "पुढच्या वेळी बाबांना डॉक्टरकडे नेशील ना, तेव्हा विचार, की अजून काही वेगळा व्यायाम द्यायचा का. हात तिथंच अडलाय असं वाटतंय मला."

नवरा पाणी पिता पिता म्हणाला, "आता काय विचारायचं? ते तर त्यांनी मागेच सांगितलं."

"काय सांगितलं?"

त्यानं पेला खाली ठेवला. आपण काहीतरी भलतं बोललो हे त्याला कळलं.

"काय सांगितलं?"

"की हात यायचा तेवढा आला. याच्यापुढं नाही यायचा. कडक होऊ नये म्हणून थोडंफार हलवत राहा, बाकी सोडून दिलंत तरी चालेल."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. तू काउंटरवर बसत होतीस तेव्हा. बाबांनीच बजावलं, तिला सांगू नकोस म्हणून."

भिंगरीनं ताट ओट्यावर ठेवलं आणि पुढच्या खोलीत गेली. सासरे डोळे मिटून पडले होते. ती त्यांच्याकडे न बघता भिंतीपाशी गेली. भिंतीवर दोघांच्या बोटांचे मळकट डाग होते. तिचे डाग घड्याळापर्यंत चढले होते. सासऱ्यांचे स्विचबोर्डच्या वर एकही नव्हते. हे तिनं रोज बघितलं होतं, आणि तरी कधी बघितलं नव्हतं.

"बाबा."

"झोपलोय."

"डॉक्टर काय म्हणाले ते मला का नाही सांगितलं?"

त्यांनी डोळे उघडले. मुलाला चार शिव्या दिल्या, त्याही हळू. मग म्हणाले, "सांगून काय झालं असतं?"

"मग रोज घाम गाळत कशाला बसत होता?"

"तू करत होतीस म्हणून."

"मी तर तुमच्यासाठी करत होते!"

"ठाऊक आहे. म्हणून तर. मी सोडलं असतं तर तूही दुसऱ्या दिवशी सुटली असतीस. तुझा हात येत होता. माझा नव्हता येत."

तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. कुणीतरी आपल्याला लहान मुलासारखं बोट धरून चालवलं आणि आपल्याला वाटत राहिलं की आपणच चालवतोय! "मला नकोत तुमचे उपकार," ती म्हणाली. आणि चपला घालून बाहेर पडली. बराच वेळ रस्त्यांवरून नुसती चालत राहिली. एका दुकानात शिरली, काही न घेता बाहेर आली. बसथांब्यावर उभी राहिली, बस आली तशी सोडून दिली. घरी जावंसं वाटेना आणि कुठं दुसरीकडे जावंसंही वाटेना.

दुसऱ्या सकाळी स्टूल सरकलं नाही.

ती ओटा पुसत राहिली. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. कान पुढच्या खोलीकडे. तिकडं सगळं चिडीचूप. आपण जिंकलो की हरलो हे तिला कळेना. त्या दिवशी सलूनमध्ये तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं त्याहून आखूड केस कापले गेले, आणि गिऱ्हाइकाला ते आवडले म्हणून निभावलं. पुढचे दिवसही तसेच. सासरे वेळेवर जेवायचे, काही मागायचे नाहीत, कुणाला टोचायचे नाहीत. घर इतकं शहाण्यासारखं वागायला लागलं की नवरा म्हणाला, "तुम्ही दोघं भांडा बाबा काहीतरी, मला झोप येत नाही."

खांदा पुन्हा कुरकुरायला लागला. पण तिला अस्वस्थ करत होतं ते निराळंच होतं. सकाळ. डोळे उघडायचे आणि सकाळ समोर उभी, रिकामी, आणि तिचं काय करायचं ते ठाऊक नाही. पूर्वी तिनं ती धावपळीनं भरून काढली असती. आता धावपळही पुरेना.

एका सकाळी ती चहाचे दोन कप घेऊन पुढच्या खोलीत गेली. सासरे उठून बसले होते. अंथरूण घडी केलेलं, केस विंचरलेले, पायात चपला, जणू कुठंतरी निघालेत. ते असेच रोज बसून असतात हे तिच्या ध्यानात आलं.

"कधीपासून जागे आहात?"

"उजाडायच्या आधीपासून. सवय आहे. ऊन चढायच्या आत फळीवर असायचो." त्यांनी कप डाव्या हातानं घेतला. "तुला खरं सांगू? त्या दिवशी म्हणालो ना, तुझ्यासाठी करत होतो म्हणून? ते अर्धंच खरं. नाहीतर तू मला संत वगैरे समजशील."

"तो धोका नाही," भिंगरी म्हणाली.

ते हसले. पुष्कळ दिवसांनी. "हात येणार नाही हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, गेला. पण सकाळ काही जात नाही गं. ती येतेच. कामाला जायचं नाही, रंग कालवायचा नाही, मग तिचं करायचं काय? निदान भिंतीशी बसायचं होतं. तुझ्याशी तोंड वाजवायचं होतं. घाम यायचा. घाम आला की वाटायचं, चला, दिवस सुरू झाला. हात वर जातो की नाही, हे मग मी बघतच नव्हतो."

भिंगरी कप घेऊन येरझाऱ्या घालत होती. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत. मध्येच म्हणाली, "मला नाही ते शांत वगैरे वाटत, बाबा. इतके महिने केलं. लोक म्हणतात मन स्थिर होतं. माझं काही होत नाही. दूध, कपडे, फोन, सगळं तस्संच येतं."

"मग येऊ दे. मी फळीवर उभा असताना काय मन स्थिर होतं? खाली बघितलं की पोटात गोळा यायचा, शेवटच्या दिवसापर्यंत. पण ब्रश चालू असायचा."

तिनं चहा संपवला, चटई आणली आणि अंथरली. राग नव्हता, पैज नव्हती. त्यामुळे ते जास्तच अवघड गेलं. सगळं अंग लाकडासारखं झालं होतं. मध्येच तिनं दोनदा उठून गॅस बघून घेतला. सासरे हात गुंफून आपले हनुवटीपर्यंत न्यायचे आणि खाली आणायचे.

त्यानंतर ते पुन्हा सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. कधी कधी बुडायचं. तिची सलूनची घाई असायची, त्यांची पाठ धरायची, कधी कारण नसतानाच दोघांचं मन उडायचं. बुडालं की दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. बहिणीलाही तिनं खरं सांगून टाकलं. बहीण हसून म्हणाली, "अगं, माझी चटई तर मी कुत्र्याला दिली."

मग एका सुटीच्या दिवशी सासरे म्हणाले, "हाताचं झालं तेवढं पुरे. आता मला एका पायावर उभं राहायचंय. ते झाडासारखं करतेस ना तू, ते."

"अजिबात नाही. पडाल."

"खिडकीचे गज आहेत की."

"आणि गज सुटले तर?"

"तर तू आहेस. आणि घरात ॲम्ब्युलन्सवाला झोपलाय. याहून चांगली सोय कुठं मिळणार?"

तिनं नवऱ्याला उठवायची धमकी दिली. त्यांनी तोवर खिडकी गाठली होती. डाव्या हातानं गज धरला, वजन डाव्या पायावर घेतलं आणि उजवी टाच उचलली. पाऊल फरशीपासून जेमतेम सुटलं. भिंगरी दोन्ही हात पसरून त्यांच्याभोवती फिरत होती. आधी या बाजूला, मग त्या बाजूला, मग पाठीमागे.

"एका जागी थांब," सासरे दात आवळून म्हणाले. "तू हलतेस तसा मी हलतोय."

"मला नाही थांबता येत!"

"मग फीर. पण हळू फीर."

ती हळू फिरली. त्यांची मान ताठ होती, गालाची शीर उडत होती, नजर समोरच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्यावर रोवलेली. पाऊल खाली आलं तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला. आतल्या खोलीचं दार उघडून नवरा डोळे चोळत उभा होता. काय चाललंय हे विचारायला त्यानं तोंड उघडलं, आणि वडिलांनी मान न वळवताच गजावरचं एक बोट उचलून त्याला गप्प केलं.

"आता दुसरा पाय," ते म्हणाले.

"तो तर अधू आहे!" भिंगरी ओरडली.

पण त्यांनी वजन तिकडे टाकायला सुरुवातही केली होती, आणि ती धावत त्यांच्या उजव्या बाजूला गेली.